माघारी न नेलेलं दूध

सुनेनं चहा पुढे केला आणि दूध पावडरीचा तो गुळमट वास नाकात शिरला. माझं नवं लग्न झालं होतं तेव्हा सासूबाई आणि मी डोंगरावरच्या वाडीतून दुधाच्या कासंड्या डोक्यावर घेऊन कशेडीच्या पायथ्याच्या हॉटेलात रोज दूध घालायचो. घाट चढण्याआधी ट्रकवाले तिथं चहाला थांबत. एका सकाळी हॉटेलवाल्यानं परदेशातून आलेला पत्र्याचा डबा दाखवला. "मावशी, आता दूध नको. ही पावडर गरम पाण्यात ढवळली की झालं." सासूबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवून विचारलं, "कंच्या म्हशीची हाय रे ही?" तो हसला. "म्हैस लागतेच कशाला?" खाली उतरवलेलं दूध माघारी नेलं तर म्हशी आटतात, असं आमच्यात मानत. म्हणून सासूबाईंनी सगळं दूध त्याच्याच पातेल्यात फुकट ओतलं. फुकटचं त्याला चाललं. वर्षभरात म्हशी विकल्या आणि सासूबाई त्याच हॉटेलात कपबशा विसळू लागल्या. त्या कपांना हाच वास यायचा. आज मी सुनेचा चहा मोरीत ओतला. सासूबाईंनी मात्र त्या डब्याला कधी दोष दिला नाही. मरेपर्यंत म्हणायच्या, "माझाच चुकला गो. कासंडीच्या बुडाला घोटभर ऱ्हायला असंल."