अनुमोदन देतो म्हणालो होतो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड हे तिला ओळखणाऱ्यांनाच ठाऊक. तुम्हाला सांगतोय, तर मध्ये थांबवू नका. वकील आहे मी—एकदा थांबलो की दुसरंच काहीतरी सांगत सुटेन.

आधी आमची म्युनिसिपालिटी समजून घ्या. म्हणजे, समजण्यासारखं तिच्यात आहे काय डोंबल! खाडीच्या तोंडाशी एवढंसं शहर. त्याला एक अध्यक्ष, एक उपाध्यक्ष, प्रत्येक वॉर्डाचा निवडून आलेला मेंबर, शिवाय कलेक्टरसाहेबांनी नेमलेले आणखी काही. आरोग्याची कमिटी, शाळांची कमिटी, रस्त्यांची कमिटी. कमिट्या उदंड, धड रस्ता एकच, आणि तोही उधाणाला पाण्याखाली. दिव्यांचा नियम तर ऐकाच. चांदण्या रात्री रस्त्यावरचे कंदील लावायचे नाहीत, तेवढंच तेल वाचतं. ठीक आहे. पण श्रावणात आभाळ गच्च भरलेलं, पंचांगात मात्र पौर्णिमा—म्हणून कंदील नाही! लोक गटारात पडताहेत, आणि आम्ही सभेत वाद घालतोय की ढगाआडच्या चंद्राला चांदणं म्हणायचं की नाही. डोकं फुटायची वेळ यायची. आणि त्यात सगळ्यांत मोठ्यांदा कोण बोलायचं? मीच.

पाहिलंत? टाळतोय मी.

कोळीवाड्याची विहीर. खाजणाचा बांध फुटून खाडी आत शिरली, तेव्हापासून ती खारट झाली. बायका हंडे घेऊन मिठागराच्या बांधावरून वरच्या आळीच्या तळ्यावर यायच्या. वरची आळी म्हणजे आमची. तळं म्युनिसिपालिटीचं, पण आमची आळी ते बापजाद्यांचं समजायची. आधी आमची भांडी भरणार, मग त्यांची. तळ्यापासून खाली एक नळ टाकायचा होता, बास. एवढ्याशा कामासाठी कोळीवाडा वर्षानुवर्षं अर्ज करत होता.

मोहल्ला आणि कोळीवाडा मिळून एक वॉर्ड. त्याचे मेंबर कासमभाई, त्यांचे मचवे रेवदंड्याहून मुंबईला माल न्यायचे. कमी बोलणारा माणूस. ठराव ते मांडणार होते. पण नुसता मांडून भागत नाही. दुसऱ्या मेंबरानं उठून अनुमोदन द्यावं लागतं. कुणीच उठलं नाही तर ठराव तिथंच पडतो—चर्चा नाही, मतं नाही, काही नाही.

तो दुसरा मी होतो. मागितलंही नव्हतं कुणी, मीच म्हणालो. हिराबाईच्या अंगणात उभा राहून म्हणालो. ही हिराबाई कोळीवाड्यातली मासे विकणारी, तिचा शब्द तिथं कुणी खाली पडू देत नसे. बोंबील वाळत घालत होती. मी म्हणालो, "अनुमोदन माझं. काळजी सोडा." तिनं तसेच ओले हात जोडले. मला फार बरं वाटलं. फारच बरं वाटलं हो!

सभेच्या आदल्या दिवशी आळीतले काही शहाणे आमच्या ओटीवर आले. म्हणाले, "वकीलसाहेब, नळ खाली गेला, तर पुढल्या खेपेला मतंही खालीच मागा." बस, एवढंच बोलले. मारलं नाही, धमकावलं नाही, चहा पिऊन गेले. आणि एवढ्यानं माझी हवा गेली?

सभेत कासमभाईंनी ठराव मांडला. अध्यक्षांनी विचारलं, "अनुमोदन?"

मी तपकिरीची डबी शोधू लागलो. खरं सांगतो—डबी वरच्याच खिशात होती, हाताला लागत होती, तरी मी कोटाचे सगळे खिसे चाचपत राहिलो. मान वर केली नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. भला माणूस, तिसऱ्यांदाही विचारलं त्यानं! मग म्हणाले, "अनुमोदन नाही, ठराव पडला." आणि पुढचा विषय निघाला—कंदिलांचा. त्यावर मी बोललो. पुष्कळ बोललो.

इथवर नुसता भित्रेपणा. आता पुढचं.

बाहेर भेंडाच्या झाडाखाली कोळीवाडा वाट बघत उभा होता. हिराबाईनं विचारलं, "काय झाला, वकीलसायेब?" तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं ना? शिव्या खाल्ल्या असत्या, संपलं असतं. मी म्हणालो, "जिवाच्या आकांतानं भांडलो गं, पण कुणी ऐकेना." आणि मागं वळून बघतो तर कासमभाई. सगळं ऐकलेलं.

हिराबाईनं त्यांना विचारलं, "व्हय का वो, कासमभाई?"

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हां. वकीलसाहेबांनी शिकस्त केली." आणि छत्री उचलून चालू लागले. का म्हणाले तसं? माझी अब्रू राखली, की त्या बायांना आणखी एक घाव नको म्हणून? मी कधी विचारलं नाही. पुढं ते वारले, त्यांच्या मयतीलाही मी मागंच उभा होतो.

पुढच्या वैशाखात हिराबाईची सून हंडा घेऊन बांधावर पडली. दिवस भरत आलेले. पोर गेलं, ती कशीबशी वाचली. मी भेटायला गेलो. काय तोंडानं गेलो, देव जाणे. हिराबाईनं मलाच बसायला पाट दिला. म्हणाली, "आमचा नशीबच खारा. पन तुमी तरी आमच्यासाठी भांडलाव. दुसरा कोन हाय आमाला?"

मी मान हलवली. हो म्हणाल्यासारखी.

त्या वर्षीपासून, नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या पाण्यात गेल्या, की पहिल्या जाळ्यातली पापलेटं आमच्या दारात येतात. भांडणाऱ्या वकिलासाठी. पुढं मी उपाध्यक्ष झालो, कोळीवाड्याच्या सांगण्यावरून त्यांच्या मेंबराचं मतही मला पडलं. नळ? नाही. तेव्हाही आळी होतीच की.

या वर्षीही आली पापलेटं. हिराबाई आता थकलीय, सून घेऊन आली होती—तीच सून. बायकोनं तळली. मला दोन वाढली, आणि मी आणखी एक मागून घेतलं.