दाजी समोर असले की रॅम चालते

भूतबाधा, करणी असलं काही मी मानत नाही. तोंडावर सांगतो, इथे लोक टाकतात त्यातले निम्मे अनुभव मला थापा वाटतात. आष्टीत रिकाम्या हातानं येऊन कॉम्प्युटर क्लास उभा केलेला माणूस आहे मी. काडेपेटीसुद्धा हलवून बघितल्याशिवाय घेत नाही. पण ही एक गोष्ट... आठवली की आजही किळस येते.

नव्वदच्या दशकाचा शेवट. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, औरंगाबादहून कॉम्प्युटरचा माल आणून विकायचे. त्यांच्याशी घसा कोरडा होईपर्यंत घासाघीस करून मी शंभर मेगाहर्ट्झची रॅम घेतली. लावली, तर मशीन हँग! बोर्डावरचा वेग ठरवणारा जम्पर सहासष्टवर ठेवला की निमूट चालायचं. शंभरवर नेला की निळा पडदा. मेमरीचं टायमिंग ढिलं केलं, रॅमच्या पट्टीची टोकं खोडरबरानं घासली, केस उघडून टेबलफॅन लावला — मेमरी टेस्टमध्ये चुकांच्या लाल ओळी त्या लालच. म्हणजे सहासष्टच्या मालावर शंभरचं लेबल! लेबल खरवडलं तर वॉरंटी जाईल म्हणून हात लावला नाही. पण सगळ्या पाहुण्यांत बोंब मारली, की दाजींनी सख्ख्या मेव्हण्याला फसवलं.

आक्का दाजींना घेऊन थेट दुकानात आली. "माह्या नवऱ्याला चोर म्हणतूस? दाखव आता."

दाजी माझ्या खुर्चीत पसरले. गुटख्याची पिंक कागदांच्या टोपलीत टाकली, ओली बोटं माझ्याच टेबलाला पुसली. मशीनला मात्र हातही लावला नाही. मी जम्पर शंभरवर नेऊन टेस्ट लावली... एक लाल ओळ नाही! दुपारभर चाललं.

"मेव्हणेबुवा," दाजी दात कोरत म्हणाले, "मशीनबी माणूस वळखतंय."

"पाया पड त्यांच्या," आक्का म्हणाली.

पडलो. बहीण तुटू नये म्हणून पडलो.

दोघं स्टँडकडे गेले आणि पडदा निळा! मी धावत जाऊन एसटीत बसलेल्यांना खाली उतरवलं, परत आणलं. दाजी दुकानात शिरले... मी मशीन चालू केलं, टेस्ट साफ. शेजारचा कापडवाला पोट धरून हसला. "कावून छळतूस रं दाजीला?"

आक्का हसली नाही. "आता माह्या दारात येऊ नगंस."

पुढं नगरच्या मेकॅनिकनं लेबल खरवडलं. खाली छापलेलं — सहासष्ट. "ही शंभरवर तासभरसुद्धा टिकणार नाही," तो म्हणाला.

म्हणजे मीच खरा! ती पट्टी खिशात घालून तडक आक्काच्या गावी, लिंबागणेशला गेलो. तिच्या गल्लीच्या तोंडाशी पाय थांबले. ती एकच म्हणणार: "यांच्यासमोर लावून दाखव."

आणि यांच्यासमोर ती चालणार. का, ते मला आजही सांगता येत नाही. पण चालणार. तिथूनच परत फिरलो.