तिकिटं महागल्यापासून

शाळा नववीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर आधीच माफी मागतो. शब्दही माझे साधेच आहेत. पण आम्ही तिघं पोस्टाची तिकिटं जमवतो, आणि अल्बम भरायला पैसे लागतात तसे किस्से साठायला लागत नाहीत. उलट तिकिटं महागली तसे किस्से वाढत चाललेत.

तिघं म्हणजे रोह्याच्या शाळेत चित्रकला शिकवणारे नाईक सर, डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे असलेला बाळूदा, आणि पेणच्या पोह्यांच्या गिरणीतला मी. पूर्वी नवीन तिकीट रुपयाचं निघायचं. आता सेट निघतो, त्यात एक रुपयाचं आणि त्याला जोडून अकराचं. आई म्हणते, "ह्या अकराच्यापायी तुझं लग्न ऱ्हानार. हातात पैसा टिकत नाय त्याला पोरगी कोन देनार?"

मी अल्बम मिटून गिरणीत निघतो.

*

पहिल्यांदा अकराचं निघालं तेव्हा बाळूदा पेणच्या पोस्टात गेला. तिकीट दुमडू नये म्हणून सोबत कोरं पाकीट नेलं होतं. किंमत ऐकून तो काऊंटरवरच्या बाईंना, मासळीबाजारात भाव करतात तसं म्हणाला, "बाई, जरा बरोबर लावून द्या ना."

बाईंनी पाकीट ओढलं, तिकिटाला ओला स्पंज फिरवला आणि कोपऱ्यात अगदी बरोबर लावून दिलं. वर शिक्काही मारला.

"पत्ता घालायला विसरू नका," म्हणाल्या.

*

नाईक सरांनी पहिल्या दरवाढीला सिगारेट सोडली. पुढच्या वर्षी बाहेरचा चहा सोडला. मग पेपर बंद केला. आम्ही कौतुक करत होतो, तर वहिनी आतून म्हणाल्या, "करा कौतुक. आता ह्यांच्याकडे सोडायला मीच उरलेय."

सर म्हणाले, "अजून तशी वेळ आली नाय."

'अजून' या शब्दावरून त्या घरात आठवडाभर आमटी अळणी होती.

*

एकदा देवळाचं चित्र असलेला सेट आला. बाळूदा शिफ्ट करून घरी येतो तर तिकीट देव्हाऱ्यात, वर हळद-कुंकू.

"गो आये, कागद हाय तो. पोष्टाचा."

"किती दिलेस?"

त्याने सांगितलं.

"येवढ्या पैशात कागद कोन घेतं? द्येवच हाय," म्हणून तिने घंटी वाजवली.

तिकीट अजून तिथेच आहे. सर भिंग घेऊन बघायला आले, तर तिने त्यांना आधी पाय धुवायला लावले.

*

माझ्यासाठी रोह्याचं स्थळ सरांनीच आणलं. मुलीच्या वडिलांना त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, "मुलगा तिकीट कलेक्टर आहे."

रविवारी आई आणि मी गेलो, सर होतेच. पोहे आले. मी मान खाली घालून बसलो.

"ड्यूटी पेणलाच?" वडिलांनी विचारलं.

"हो, पेणलाच."

"रोज किती तिकिटं होतात?"

"रोज कुठली? महिन्याला दोन-चार. महागल्यापासून तेवढीही नाय."

"दोन-चार? आमच्या रोह्याच्या गाडीत डब्याला पन्नास फुकटे असतात!"

गाडीचं मला काही कळलं नाही, पण विचारायची हिंमत झाली नाही.

त्यांनी आवाज खाली आणला. "आणि वरची कमाई?"

"कमाई कसली? माझ्याच खिशातले जातात."

वडील गहिवरले. "ऐकलंस गो?" ते आत बघून म्हणाले. "असा मानूस मिळतो का आजकाल?" मग माझ्याकडे वळले. "आणि कुणी वापरलेलं तिकीट दिलं तर?"

"आनंदाने घेतो. फक्त शिक्का स्वच्छ हवा."

वडिलांनी बशी खाली ठेवली. "वापरलेलं चालतं? मग रेल्वेनं तुम्हाला ठेवलंय कशाला?"

"रेल्वेत नाय. मी पोह्यांच्या गिरणीत असतो."

सगळ्यांनी आपापल्या बशीत बघितलं.

सरांनी घाम पुसत पोस्टाच्या तिकिटांचं सगळं समजावून सांगितलं. वडिलांनी बशी दूर सरकवली. आई पदर सावरून उठायच्या बेतात. तेवढ्यात दारात उभी असलेली मुलगी, सुलभा तिचं नाव, मलाच म्हणाली, "डबल आलेल्या तिकिटांचं काय करता?"

मी पहिल्यांदा वर बघितलं. "डबल येत नाय. एकच सेट परवडतो."

"मग माझं कसं व्हायचं?" म्हणाली आणि आत गेली.

एसटीत नागोठणं येईपर्यंत आई विचारत होती, "म्हंजे हो का नाय रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत जायच्या आधी मी पेणच्या पोस्टात गेलो. नवीन सेट आला होता. बाईंनी मला बघून नेहमीसारखा एक फाडून पुढे सरकवला.

"दोन द्या," मी म्हणालो.