मास्तरांचा अंगठा

मास्तरांनी स्मार्टफोन घेतला तेव्हा निम्मी गल्ली तो बघायला दुकानात डोकावून गेली आणि उरलेल्या निम्म्या गल्लीने चांगल्या मापाच्या पँटी उगाचच आखूड करायला आणल्या. मास्तर आणि स्मार्टफोन! असला खेळ तिकीट काढूनही बघायला मिळाला नसता.

मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे टेलर. मापाची टेप गळ्यात इतकी मुरलेली की ते जेवायलाही तशीच घालून बसतात. आंघोळीला तरी काढतात की नाही, हे फक्त त्यांच्या बायकोला माहीत, आणि ती सांगत नाही. माणूस कामात चोख, पण तोंडाने मुका. गिऱ्हाइकाशी बोलणार ते "हात वर, हात खाली, मंगळवारी या" एवढंच.

फोन शिकवायची जबाबदारी शेजारच्या पार्लरवालीने स्वतःहून अंगावर घेतली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला कुठलीच गोष्ट कुणी सांगावी लागत नाही. पहिल्याच दिवशी अडलं. सुया टोचून टोचून मास्तरांच्या अंगठ्याचं कातडं असं निबर झालेलं की दार कुणी ठोठावतंय याचा स्क्रीनला पत्ताच लागेना.

"मास्तर, चिमटीत काय धरताय? फोन आहे तो, अस्तर नाही!"

"सरकत नाही ना पण."

"सरकवू नका. नुसता टेकवा. हलक्या हाताने. बायकोच्या खांद्यावर ठेवता तसा."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. अंगठा मात्र टेकला.

मग गाडी जी सुटली ती थांबेना. फेसबुकवर मास्तरांनी स्वतःचा फोटो टाकला. त्यात अर्धं कपाळ होतं आणि वरचा पंखा सगळा होता. त्याला पहिला लाइक त्यांनीच दिला.

"अहो, स्वतःच्या फोटोला स्वतःच लाइक करतं का कुणी?"

"का? मला आवडला."

यावर पार्लरवालीनेही एक लाइक देऊन टाकला. पुढे मास्तर दुनियेच्या फोटोंखाली लिहू लागले. एका अनोळखी नवरदेवाच्या फोटोखाली लोक अभिनंदन, अभिनंदन लिहीत होते. मास्तरांनी लिहिलं, "कोट खांद्यात पडलाय. आणून द्या, करून देतो." नवरदेवाने त्यांना ब्लॉक केलं. मास्तरांना वाईट वाटलं ते कोटाचं.

गल्ली हसत होती, आणि हसावं असंच सगळं होतं. पण फोन घेतला कशासाठी, ते मास्तर कुणाला बोलले नाहीत. तो घेतला होता दादासाठी.

दादा म्हणजे मास्तरांचा थोरला भाऊ. दुकान मुळात त्याचं. मास्तरांना सुईत दोरा ओवण्यापासून सगळं त्यानेच शिकवलं. शिवण संपली की कापड टेबलावर पसरायचं आणि अंगठा उजवीकडून डावीकडे तिच्यावरून ओढायचा, म्हणजे ती चपटी बसते. "अंगठा फिरल्याशिवाय काम संपलं म्हणायचं नाही," असं तो सांगायचा. अर्धं आयुष्य दोघं भाऊ पाठीला पाठ लावून दोन मशिनींवर बसले. पार्लरवाली म्हणायची, या दोघांची तोंडं मी एका वेळी कधी पाहिलीच नाहीत.

मग दादाचे हात थरथरू लागले. आधी चहाचा कप वाजायला लागला, मग कात्री. मास्तर बघत होते आणि मूग गिळून बसत होते. दादाने आखलेलं ते रात्री घरी नेऊन गुपचूप पुन्हा आखायचे. तेवढं केलं तेवढं तरी बरं केलं. पण एका सकाळी दुकानात चारचौघं उभी असताना, कुणाच्या तरी महागड्या कोटाचं कापड टेबलावर पसरलेलं असताना, दादाची कात्री खडूची रेघ सोडून भलतीकडेच निघाली. मास्तरांनी त्याच्या हातातून ती काढून घेतली. नुसती घेतली असती तरी निभावलं असतं. ते म्हणाले, "दादा, सोड आता. कापड लोकांचं आहे."

जन्मभर जो माणूस बोलला नाही, तो नेमका तेव्हा बोलला.

 सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान दादाने काढून मशिनीवर ठेवलं, चष्मा खिशात घातला आणि पायऱ्या उतरून गेला. काही दिवसांत तो परगावी लेकीकडे राहायला गेला. अंगुस्तान मशिनीवर तसंच राहिलं. झाडताना मास्तर ते उचलायचे, खालची धूळ पुसायचे आणि परत होतं तिथेच ठेवायचे.

तसे फोन होत होते. जेवलास का, औषध घेतोस का, तिकडे थंडी आहे का. पण मास्तर मुद्द्यावर यायला लागले की पलीकडून दादाचं "हं" यायचं. ते "हं" रागाचं की मायेचं, कधी कळायचं नाही. ते आलं की मास्तरांनी मनात जुळवलेलं सगळं टाका टाका करून उसवायचं. मग ते म्हणायचे, "बरं, ठेवतो."

एकदा पार्लरवाली कुणाला तरी फोनवर बोलून निरोप पाठवत होती. मास्तरांनी मशीन थांबवली.

"हे काय केलंत?"

"बोलून पाठवलं. लिहीत कोण बसतंय?"

"म्हणजे आपण बोलायचं, आणि समोरचा मध्ये बोलणार नाही?"

"कसा बोलेल? तो नंतर ऐकणार."

"मध्ये 'हं' पण नाही?"

"'हं' पण नाही, मास्तर."

तिला हे चमत्कारिक वाटलं, पण शिकवायला मिळतंय म्हटल्यावर ती मागे हटणारी नव्हती. तिने दादाचा नंबर उघडला, चालतो का बघायला एक "नमस्कार" लिहून टाकला आणि खालच्या कोपऱ्यातला माइक दाखवला. "हा दाबून धरायचा. बोलायचं. झालं की सोडायचं. कळलं?" तेवढ्यात पार्लरमधून कुणीतरी किंचाळलं. केसांना लावलेला रंग जास्त वेळ राहिला होता. ती पळाली. तिसरी पायरी, सोडायची, ती करून दाखवायची राहिलीच.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून मास्तर दादाच्या जुन्या स्टुलावर बसले. माइक दाबून धरला. घसा साफ केला.

"दादा, मी बोलतोय. मी... बरा आहेस ना? बरं."

एवढंच. पण काम संपलं होतं, म्हणून अंगठा आपोआप उजवीकडून डावीकडे फिरला, शिवणीवर फिरावा तसा. आणि काय सांगावं! तो चिमुकला माइक टुणकन उडाला, बाजूच्या छोट्या डब्याचं झाकण आपोआप उघडलं, माइक आत पडला आणि झाकण बंद झालं.

मास्तर थक्क. घरी जाऊन बायकोला म्हणाले, "काय सोय केलीय गं लोकांनी! पत्राची पेटीसुद्धा काढून ठेवलीय. आत पडताना दिसतं."

"मग पाठवलेलं दिसतं कुठे?"

"पेटीत टाकलेलं पत्र आपल्याकडे राहतं का?"

बायकोला हे पटलं. कुणालाही पटलं असतं.

तेव्हापासून दुकान बंद करायची वेळ झाली की शटर अर्धं खाली यायचं आणि आत मास्तर बोलायचे. जन्माचा मुका माणूस, पण मध्ये कुणी "हं" करत नाही म्हटल्यावर बांध फुटला. बाहेर पार्लरवाली झाडू हातात घेऊन एकच पायरी पुन्हा पुन्हा झाडायची. तिला ऐकू यायचं ते असं:

"दादा, आज त्याच जातीचं कापड आलं होतं. त्या दिवशीसारखं. माझी कात्री गेली बघ रेघेबाहेर. हात चांगला असून गेली. गिऱ्हाइकाला म्हटलं, माझं चुकलं, भरून देतो. इतकं सोपं होतं रे ते म्हणणं. तेव्हाही मलाच म्हणता आलं असतं, की माझ्याकडून गेली. लोकांना काय कळणार होतं? दादा, माझं चुकलं. तुझं स्टूल कुणाला देत नाही मी. ये ना परत. नुसता बसून राहा, मी आखतो, तू ओरड."

आणि मग अंगठा फिरायचा. झाकण उघडायचं, बंद व्हायचं.

उत्तर यायचं नाही.

बायको म्हणायची, "अहो, जाऊन या की. बसने सकाळी निघालात तर दुपारी तिथे."

"उत्तर येऊ दे. मग जातो."

"आणि नाहीच आलं तर?"

"इतकं बोललो मी. त्याने एक 'हं' तरी पाठवावं की नाही?"

मधेच मास्तर रुसायचे. दोन-चार दिवस शटर पूर्ण ओढून सरळ घरी जायचे, आणि मग पुन्हा स्टुलावर. पार्लरवालीने एकदा विचारलं, "जातात ना हो निरोप?" मास्तर म्हणाले, "रोज जातात." "आणि तिकडून?" मास्तरांनी सुई तोंडात धरली, म्हणजे बोलता येत नाही असं दाखवता येतं. गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते जिला वासावरून कळतं, जिने आजवर प्रत्येकाचा फोन हिसकावून बघितला, तिने नेमका त्या दिवशी तो बघितला नाही. सभ्यपणा करावा असं तिला आयुष्यात एकदाच वाटलं, आणि ते तेव्हा.

मग एका सकाळी पुतणीचा फोन आला. मास्तर पायाचं माप घेत गुडघ्यावर बसले होते. टेप तशीच गिऱ्हाइकाच्या घोट्याशी धरून त्यांनी ऐकलं. "काका, बाबा गेले. झोपेतच."

बस सकाळी निघून दुपारी पोचली, बायको म्हणायची तशीच.

येणारे-जाणारे ओसरल्यावर पुतणीने मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला दादाच्या खोलीत बसवलं. खिडकीशी एक खुर्ची. खिडकीच्या कट्ट्यावर दोऱ्यांच्या रिकाम्या रिळांची चळत आणि तिला टेकून उभा ठेवलेला दादाचा फोन. हातात धरला की थरथरायचा म्हणून तो तसा उभा.

पुतणी उभ्यानेच म्हणाली, "काका, एक विचारू? राग मानू नका. रोज संध्याकाळी बाबांना का छळत होतात?"

"मी? छळत?"

"ते तुमचं नाव उघडून बसायचे आणि त्याखाली यायचं, 'रेकॉर्ड करत आहे'. बाबा मला आतून हाक मारायचे, ये लवकर, काका बोलतोय. टीव्ही बंद करायला लावायचे. खुर्ची पुढे ओढायचे. मग ती अक्षरं जायची. आणि काहीच नाही. कधी कधी केवढा वेळ ती अक्षरं तशीच. आणि काहीच नाही!"

"अगं, पाठवत होतो मी! रोज पाठवत होतो. थांब, तुला दाखवतो." मास्तरांनी घाईघाईने फोन काढला, दादाचं नाव उघडलं. वर पार्लरवालीने टाकलेला एकच "नमस्कार". खाली सगळं कोरं. त्यांनी माइक दाबून धरला. पुतणीने कट्ट्यावरच्या फोनवर काकांचं नाव उघडलं आणि त्याखाली ती अक्षरं आली. तिघांनीही ती पाहिली.

"दादा, मी आलोय," मास्तर म्हणाले. आणि अंगठा फिरला.

माइक उडाला. झाकण उघडलं. बंद झालं. कट्ट्यावरची अक्षरं गेली.

"पाहिलंस? पेटीत पडलं."

पुतणी त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग खाली त्यांच्यासमोर बसली आणि तिचा आवाज एकदम उतरला. "काका, तो कचऱ्याचा डबा आहे. अंगठा असा डावीकडे ओढला की निरोप रद्द होतो. नुसता उचलायचा असतो."

मास्तरांनी फोन उलटासुलटा करून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "मग ते सगळं आता त्या डब्यात आहे?"

"नाही हो. ते राहतच नाही कुठे."

"काढता नाही येत?"

"नाही, काका."

बायकोने पिशवीचा बंद हाताला गुंडाळला आणि सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मी बाबांना म्हणायचे," पुतणी म्हणाली, "तुम्हीच लावा ना फोन. तर म्हणायचे, नको. तो काहीतरी बोलायला बसलाय. मी मध्ये 'हं' केलं की बुजतो तो, लहानपणापासूनचं आहे. बोलू दे त्याला. उद्या बोलेल." तिने कट्ट्यावरची रिळं सारखी केली. "कधी वैतागले नाहीत. मीच वैतागायचे. ती अक्षरं गेली की म्हणायचे, आज पुष्कळ वेळ बसला होता."

निघताना तिने मास्तरांना दारात दोन-तीनदा करून दाखवलं. दाबा, बोला, सरळ उचला. मास्तर शहाण्या मुलासारखे मान हलवत होते. त्यांना आलं. एकदाच दाखवून येण्यासारखं होतं ते.

आता दुकान पुन्हा चालू आहे. मास्तर फेसबुकवर दिसत नाहीत आणि लोकांच्या कोटांचे खांदे खुशाल पडतात. शिवण संपली की त्यांचा अंगठा अजून कापडावर फिरतो, पण मधेच कुठेतरी थबकतो, आणि अर्धी शिवण उभीच राहते. पार्लरवालीच्या ॲप्रनचं तसंच झालं. तिने तो घरी नेऊन शिवण स्वतः इस्त्रीने बसवली आणि गल्लीत कुणाला बोलली नाही. यावरून काय ते समजा.

निरोप आता उत्तम पाठवता येतो, पण मास्तर तो कुणालाच पाठवत नाहीत. संध्याकाळी शटर अर्धं ओढतात, स्टुलावर बसतात आणि पुतणीला सरळ फोन लावतात. आज काय शिवलं, कोण आलं, कुणाची पँट पुन्हा आखूड झाली. पुतणी बापासारखीच, कमी बोलणारी. मास्तर एकेक वाक्य बोलतात आणि थांबतात. पलीकडून "हं" येईपर्यंत थांबतात. ते आलं की मगच पुढचं बोलतात.