सत्र वाढवायचे आहे का?

"सर, मला परत बाहेर काढलं बघा!"

फोनवर बिराजदार बाई होत्या, जळकोटजवळच्या एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. मी धाराशिवात शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा सपोर्ट सांभाळतो. कुणाचं लॉगिन अडलं, कुणाचा व्हिडिओ रुतला, की बोलणी खायला मी.

शनिवारी पोर्टल बंद होणार होतं. तोवर प्रशिक्षण पूर्ण झालं नाही तर वरिष्ठ वेतनश्रेणीच्या यादीतून बाईंचं नाव जाणार होतं. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार, म्हणजे पुन्हा संधी नाहीच.

लॉग बघितला. लॉग म्हणजे कोण कधी आत आलं, कधी आणि का बाहेर पडलं याची सिस्टीमनं ठेवलेली नोंद. बाईंच्या नावापुढं दरवेळी एकच कारण: इनॅक्टिव्ह. स्क्रीनला बराच वेळ हात लागला नाही की सिस्टीमला वाटतं, माणूस उठून गेला. मग ती एकदा विचारते आणि दार लावून घेते. बघत असलेला धडा पुन्हा पहिल्यापासून.

"बाई, व्हिडिओ लावून तुम्ही दुसरं काम करता का?"

"अवो, डोळं फुटायची येळ आली बघून बघून! जागची हललेली न्हाय मी."

आता खरं कोणाचं मानायचं? आमच्या कंपनीच्या पुण्यातल्या मॅनेजरना, देशमाने सरांना, विचारलं.

"टाइमआउट वाढव," ते म्हणाले. टाइमआउट म्हणजे सिस्टीम वाट बघते तो वेळ. तो वाढवला. बाई पुन्हा बाहेर. ब्राउझर बदलायला लावला, नेट बदलायला लावलं. तरी बाहेर. माझं डोकंच चालेना. शेवटी गाडी काढली आणि नळदुर्ग ओलांडून थेट शाळा गाठली.

वर्गात कुणी नव्हतं. बाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला, व्हिडिओ लावला आणि हाताची घडी घालून बसल्या. खरंच जागच्या हलल्या नाहीत. थोड्या वेळानं स्क्रीनवर चौकट आली: 'सत्र वाढवायचे आहे का? होय / नाही.'

बाईंनी पटकन 'नाही' दाबलं. लॉगआउट. 'होय' आलं नाही की सिस्टीम कारण एकच लिहिते, इनॅक्टिव्ह.

"बाई, नाही का दाबलंत?"

"मग काय व्हय म्हणू? आधीच उन्हाळ्यात लेकरं वर्गात बसत न्हाईत. त्यात सत्र वाढवायचं म्हणतेत! मी व्हय म्हणलं तर जिल्ह्यातल्या समद्या मास्तरांची सुट्टी जायची, आन् नाव माझं."

मग चौकटीतला शब्द आठवला आणि डोक्यात उजेड पडला. इंग्रजीतल्या 'सेशन'चं कुणीतरी 'सत्र' केलं होतं. ऑफिसात आम्ही सगळे इंग्रजी स्क्रीन वापरतो, त्यामुळं तो शब्द कुणाला खटकला नाही. शाळेत मात्र सत्र म्हणजे पहिलं सत्र, दुसरं सत्र. दिवाळीपर्यंतचं एक, उन्हाळ्यापर्यंतचं एक.

"पण बाई, 'नाही' दाबलं की बाहेर पडताय, हे लक्षात नाही आलं?"

"आलं की. न्हाय म्हणलं म्हणून बाहेर काढतेत, एवढं कळतंय मला. म्हणून काय व्हय म्हणायचं? माझ्या एकटीसाठी?"

ही बाई आपली श्रेणी घालवायला निघाली होती, आणि आमची सिस्टीम तिला इनॅक्टिव्ह म्हणत होती. लाजच वाटली मला.

सगळं समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लेखी हाय का तसं?"

देशमाने सरांना फोन लावला. ते आधी खूप हसले. मग मुकाट्यानं कंपनीच्या लेटरहेडवर माझ्या मोबाइलवर पत्र पाठवलं: 'होय दाबल्याने शाळेचे सत्र वाढत नाही.' बाईंनी ते चष्मा पुसून वाचलं, मोठ्यानं पुन्हा वाचलं, आणि पुढची चौकट आल्यावर देवाचं नाव घेऊन 'होय' दाबलं. व्हिडिओ पुढं सरकला.

शुक्रवारी त्यांचं प्रशिक्षण पूर्ण झालं. नाव यादीत राहिलं. चौकटीत आता 'तुम्ही बघत आहात ना?' असं विचारतात.

कुणी 'नाही' म्हटलं तर बाहेर काढण्याआधी का ते विचारावं, एवढं मी शिकलो. सिस्टीममध्ये मात्र तशी सोय अजून नाही.