आईची अमृतसरची सुट्टी

आमच्या नाहूरच्या जुन्या इमारतीच्या जागी टॉवर उभा राहणार होता. प्रत्यक्षात तिथे एक मोठा खड्डा झाला आणि बरेच दिवस खड्डाच राहिला. आम्ही जवळच भाड्याने वन रूम किचनमध्ये राहायला गेलो. बिल्डर भाडं कधी द्यायचा, कधी फोनच उचलायचा नाही. त्यातच बाबा रिटायर झाले. दिवसभर घरात बसून ते आईला गॅस मोठा का ठेवलास आणि कढीपत्ता एवढा कशाला, असे प्रश्न विचारू लागले.

एका रविवारी आईने जाहीर केलं, "माका चार दिवस खंयतरी घेवन जावा. देव खंयचोय असांदे. पण माका लाटणा दिसूक नको. मी नुसती बसान जेवतलंय."

आई मूळची मालवणकडची. इतकी वर्षं मुंबईत काढून तिची भाषा तसूभरही हललेली नाही. बाबा मात्र इथेच वाढले. त्यांना मालवणी कळते, पण भांडण रंगात आल्याशिवाय ते बोलत नाहीत.

बाबांनी आठवडाभर मोबाइलवर अभ्यास केला. काशी महाग पडत होती, रामेश्वर लांब होतं. शेवटी ते माझ्या ऑफिसात फोन करून म्हणाले, "अमृतसर! राहणं फुकट, जेवण फुकट, स्टेशनवरून बस फुकट. सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग, सगळं चालत जाण्यासारखं. तू फक्त तिकिटं काढ."

मी तिकिटं काढली. फेब्रुवारीत आम्ही तिघं बोरिवलीहून स्लीपरने निघालो. वाटेत खायला आईने तिखटामिठाच्या पुऱ्या आणि सुकी बटाट्याची भाजी घेतली होती. "ह्या शेवटचा लाटणा," असं ती पुऱ्यांचा डबा बंद करताना म्हणाली होती.

बाबांची एक गोष्ट इथे सांगायला हवी. भाव करणं हा त्यांचा छंद नाही, तो त्यांचा व्यायाम आहे. भांडुपच्या भाजीबाजारात ते आले की भाजीवाल्या पदर खोचून सरसावून बसतात. कोथिंबिरीच्या एका जुडीवर ते दहा मिनिटं सहज काढतात आणि घरी येतात ते टवटवीत होऊन. अमृतसरसाठीही त्यांनी गाडीत एक वाक्य तयार केलं होतं. "भाईसाब, हम गरीब मराठी आदमी है, दूर से आया है, कुछ कम करो." ते त्यांनी मला दोनतीनदा म्हणून दाखवलं.

यात्रेकरूंच्या निवासात खिडकीमागे एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसले होते. त्यांनी आमची आधार कार्डं बघितली आणि मोठ्या हॉलमधली जागा दाखवली.

"कितना?" बाबांनी बाह्या सरसावल्या.

"कुछ नहीं जी."

"फिर भी?"

"कुछ नहीं जी. आराम करो."

बाबा तिथेच उभे. एवढं पाठ केलेलं वाक्य तोंडात तसंच राहिलं. मागच्या माणसाने हळूच बाजूला व्हायला सांगितलं तेव्हा ते हलले. "काहीतरी भानगड आहे," ते माझ्या कानात पुटपुटले. "जाताना मागतील बघ."

आईला भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला भूक लागली होती. डोकी झाकून, पाय धुऊन आम्ही आत गेलो. तळ्याच्या मधोमध ते सोन्याचं मंदिर पहिल्यांदा दिसलं तेव्हा आम्ही तिघंही बोलायचं थांबलो. आमच्या घरात ही मोठीच गोष्ट आहे. पाण्यातलं मंदिर वरच्या मंदिराहून जास्त पिवळं दिसत होतं. आई खूप वेळ हात जोडून उभी राहिली आणि मग म्हणाली, "आता जेवूया."

लंगरमध्ये पंगतीला बसलो. वाढणारा रोटी घेऊन आला, तेव्हा बाबांनी ताट पुढे केलं. शेजारच्या बाईंनी खुणेनेच सांगितलं की दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायची. बाबांनी ओंजळ केली. रोटी पडली, आणि बाबांचा चेहरा कसनुसा झाला. आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही, असं ते अभिमानाने सांगत आलेले. आता इथे दोन्ही हात पसरले होते, आणि तेही त्यांनीच निवडलेल्या ठिकाणी. डाळ, खीर, लोणचं, सगळं छान होतं. बाबा मान खाली घालून जेवले.

आई मात्र रोटीकडे बघत होती. तिने एक घास मोडला, कडेला दाबून बघितलं.

"जाड आसा," ती म्हणाली.

"आई, प्लीज."

"मी काय वायट बोललंय? जाड आसा, इतक्याच म्हटलंय."

जेवण झाल्यावर बाहेर पडताना रोट्या करण्याची जागा लागली. मोठ्या ओट्याभोवती बायका बसून लाटत होत्या, पलीकडे दरवाज्याएवढ्या तव्यावर एकदम कितीतरी रोट्या भाजल्या जात होत्या. आईची चाल मंदावली. मी तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला.

"बाय, तिका सांग गो, कडा जाड सोडता ती. आतून कच्ची रवतली."

ती म्हणजे एक उंचीपुरी बाई होती. जाड चष्मा, दणदणीत आवाज, कोपरापर्यंत पीठ. शहराबाहेरच्या गावातून ती सेवेसाठी बसने यायची, हे आम्हाला नंतर कळलं. मी काही सांगायच्या आत तिने आईचा चेहरा वाचला, हसली आणि बाजूला सरकली. "आओ जी, बैठो."

आणि माझी आई, जिला चार दिवस लाटणं दिसायलाही नको होतं, ती बसली.

तिने पहिली रोटी लाटली ती आमच्या घरच्या चपातीसारखी, पातळ, गोल, एकसारखी. अभिमानाने सगळ्यांना दाखवली. ती तव्यावर गेली. भाजणाऱ्या माणसाने लांब सळीने उलटायला घेतली आणि तिचे दोन तुकडे झाले. दुसरीचंही तेच झालं. तिसरीची तर चिंधीच. चष्मेवाली बाई इतकी हसली की तिचा चष्मा पिठात पडला. आईचा चेहरा बघून मला वाटलं, आता भांडण होणार. मालवणी विरुद्ध पंजाबी, मध्ये मी दुभाषी.

पण त्या बाईने आईचा हात हातात घेऊन लाटण्यावर ठेवला आणि किती दाबायचं ते दाखवलं. आईने चौथी रोटी जाड लाटली. ती फुगली.

"बरोबर आसा," आई मला म्हणाली, जणू मीच मघाशी तक्रार केली होती. "लोका किती! पातळ लाटून कसा भागतला?"

त्यानंतर आई आम्हाला फारशी मिळालीच नाही. सकाळी अंघोळ करून तळ्याभोवती प्रदक्षिणा, मग ओटा. "तुमी जावा फिराक," ती म्हणायची. तिला हिंदी धड येत नाही, त्या बाईला मराठी कशाशी खातात ते माहीत नाही. तरी दोघी दिवसभर बोलत असायच्या. एकदा मी मागे उभी राहून ऐकलं. आई बिल्डरला मालवणीतून शिव्या देत होती आणि ती बाई मान हलवत पंजाबीतून बहुधा आपल्या जावेला. दोघींचं पूर्ण एकमत होतं.

बाबांची मात्र तब्येत उतरत चालली. भाव करायला कोणी नाही. चहा फुकट, पाणी फुकट. दुसऱ्या दिवशी ते सरळ बाजारात शिरले आणि फुलकारी ओढण्यांच्या दुकानात एका दुकानदारावर तुटून पडले. तो दुकानदारही तयारीचा निघाला. दोघं उठले, बसले, एकमेकांच्या पोराबाळांची शपथ घातली, बाबा दोनदा दुकानाबाहेर जाऊन परत आले. शेवटी सौदा झाला. बाबा घाम पुसत बाहेर आले, चेहऱ्यावर तेज.

"अर्ध्यात आणली!" त्यांनी भडक गुलाबी ओढणी दाखवली.

"कोणासाठी?"

बाबांनी ओढणीकडे बघितलं. हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता.

तिथून आम्ही जालियनवाला बागेत गेलो. त्या अरुंद बोळातून आत जाताना बाबा अजून सौद्याबद्दलच बोलत होते. गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतीपाशी सौदा मागे पडला. मग विहिरीपाशी बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी मला लस्सी पाजली, भाव न विचारता.

त्या संध्याकाळी ते स्वतःहून लंगरच्या आवारात गेले. सतरंजीवर मटारच्या शेंगांचा ढीग होता आणि भोवती माणसं बसून सोलत होती. बाबा त्यांच्यात जाऊन बसले. घरी पाण्याचा पेलासुद्धा स्वतः न घेणारा हा माणूस, शेजारच्या म्हाताऱ्याशी गुडघेदुखीवर चर्चा करत पटापट मटार सोलत होता. मी फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. तळमजल्याच्या काकूंनी लगेच लिहिलं, "फोटो एडिट केलाय ना गं?"

निघायच्या दिवशी जाताना कोणीच काही मागितलं नाही. बाबांनी आम्हाला पुढे पाठवलं आणि दानपेटीपाशी गेले. किती टाकले ते त्यांनी सांगितलं नाही. आईने भाव करावा तसं खोदून विचारलं, तरी नाही.

चष्मेवाली बाई बसपर्यंत आली होती. आईने पिशवीतून ती गुलाबी ओढणी काढून तिच्या खांद्यावर घातली. तिने आईला घट्ट मिठी मारली तेव्हा आईची चप्पल सुटली.

दोघींचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. आणि दिवाळीनंतर एक दिवस आई म्हणाली, "ती येता हा." तिचा भाचा अंधेरीला नोकरीला होता, पण चार मुलांत एक खोली, तिथे मावशीला कुठे ठेवणार? ती आमच्याकडे उतरली. वन रूम किचनमध्ये आम्ही चौघं. बाबा पॅसेजमध्ये झोपले आणि एकदाही कुरकुरले नाहीत. आईने तिला बांगड्याचं तिखलं केलं, शेजारी बसून काटे काढून दिले. तिला समुद्र बघायचा होता. तिने तो कधी बघितलाच नव्हता.

आम्ही जुहूला गेलो. पाणी दिसताच तिने सलवार गुडघ्यापर्यंत वर केली, पुढे गेली, वाकली, डोळे मिटून ओंजळभर पाणी भक्तिभावाने घेतलं आणि तोंडात टाकलं.

"ओये! लूण! नमक!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की भेळवाला वळून बघू लागला.

आई हसता हसता वाळूत बसली. तेवढ्यात लाट आली आणि तिला गळ्यापर्यंत भिजवून गेली. मग ती बाईही मुद्दाम तिच्या शेजारी बसली. पुढची लाट दोघींनी एकमेकींचे हात धरून अंगावर घेतली. बाबा लांबून ओरडत होते, "अगं, सर्दी होईल!" कोणीच ऐकत नव्हतं. शेवटी त्यांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि दोघींना उठवायला पाण्याकडे निघाले.