पत्र्यावरच्या दोन थापा

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप टेबलावर जातो, एक थाप पडते आणि मी थांबतो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "कुणाला बोलावताय?" तिला सगळं ठाऊक आहे, तरी विचारते. तुम्हाला ठाऊक नाही म्हणून लिहितो. नाव मात्र कुणाचंच घेणार नाही.

मी तेव्हा वणी भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मूळचा मी कोल्हापूरकडचा. ठाण्यासमोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे आणि स्टेशन डायरीच्या पानांवरसुद्धा काळी धूळ बसायची. राजूरच्या बाजूला चुनखडीची एक बंद पडलेली खाण आहे. गाड्यांच्या कसरती दाखवणाऱ्या एका टीव्ही कार्यक्रमाला ती जागा आवडली. त्यांचा अर्ज आला. मी ठाण्याचं ना हरकत पत्र दिलं आणि गर्दी आवरायला दोन शिपाई पाठवले. जागा पाहायला मी गेलो नाही. ही गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ती मला फार टोचली.

कसरत अशी होती की मातीच्या चढावरून जीप उडवायची आणि चर ओलांडून पलीकडे उतरवायची. पडद्यावर उडी कार्यक्रमाचा सूत्रधार मारतो आहे असंच दिसणार होतं. मुंबईचा कसरतपटू ऐनवेळी आला नाही, म्हणून त्यांनी इथलाच एक कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर गाठला, त्याला सूत्रधाराचं जाकीट आणि हेल्मेट चढवलं आणि जीपमध्ये बसवलं. कॅमेरामन पलीकडच्या उतारावर कॅमेरा बसवत असतानाच जीप सुटली. ती कॅमेरामनवर आदळली आणि त्याचे दोन्ही पाय मोडले.

कार्यक्रम बनवणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकाने ठाण्यात येऊन फिर्याद दिली. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, बोलणं मुद्देसूद. "सिग्नल फक्त वॉकीटॉकीवरून द्यायचा ठरलं होतं. तो दिलाच नव्हता. ड्रायव्हरने शायनिंग मारली." फाईलमध्ये ड्रायव्हरच्या सहीचा इंग्रजी कागद होता, सगळं स्वतःच्या जबाबदारीवर करतो असं सांगणारा. सही मराठीत होती. सहायक दिग्दर्शकानेही व्यवस्थापकाच्या म्हणण्याला दुजोरा दिला.

निष्काळजीपणे वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा ड्रायव्हरवर नोंदवला. अटक झाली, जामीन झाला. त्याचा परवाना जप्त झाला. कोर्टात गुन्हा शाबीत झाला असता तर तो परवाना कायमचा गेला असता आणि कोळशाच्या धंद्यात त्याला पुन्हा कुणी स्टिअरिंगला हात लावू दिला नसता. त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्याची बायको ठाण्यात आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "बावीस वर्सं झाले साहेब. मानूस सोडा, कोंबडी नाही आली त्याइच्या चाकाखाली."

असं प्रत्येकाचीच बायको म्हणते. मी मान हलवली आणि कामाला लागलो.

जबाबात ड्रायव्हर एकच पालुपद लावत होता. "मले इशारा भेटला, मंग मी निंगालो."

"कुणी दिला?"

"मांगून भेटला जी. कोनं देला ते नाही पाहिलं."

"न पाहता इशारा कसा कळला?"

प्रश्नच कळला नाही असा त्याचा चेहरा. मला वाटलं, गडी थापा मारतोय. दोषारोपपत्राचा मसुदाही मी तयार करायला घेतला.

त्याच आठवड्यात नागपूरच्या हॉस्पिटलमधून फोन आला. तो जखमी कॅमेरामन होता. "साहेब, जीपच्या डॅशबोर्डवर एक छोटा कॅमेरा होता. मीच लावला होता. तुमच्या पंचनाम्यात आहे का?"

मी पंचनामा काढून पाहिला. नव्हता.

"मग तुम्ही यायच्या आधी कुणीतरी काढलाय. मी सांगितलं म्हणू नका, मला पुढे काम मिळायचं नाही." मग तोच म्हणाला, "नाही, सांगा. पाय माझे मोडलेत. त्या ड्रायव्हरवर कशाला ढकलताय?"

कंपनीला नोटीस गेली. बरीच टाळाटाळ झाली आणि अखेर ते चित्रण आलं. मी आणि माझा हवालदार ऐकायला बसलो. हवालदार वणीचाच. त्याचे वडील ट्रकवर क्लीनर होते, लहानपण त्याचं टपावर गेलेलं. चित्रणात समोरचा मातीचा चढ तेवढा दिसत होता. आधी इंजिनची घरघर होती, मग पत्र्यावर धप् धप् असा आवाज, गिअर पडल्याचा आवाज आणि झेप. बोललेला एक शब्द नाही.

"यात काही नाही," मी म्हणालो.

हवालदार हसला. माझ्यासमोर तो सहसा हसायचा नाही. "साहेब, सगळं यातच हाय. तुमी त्याले कोनं देला म्हनून विचारून राह्यले. कसा देला, हे विचारलंच नाही."

ड्रायव्हरला बोलावलं. हवालदारानेच विचारलं, "इशारा कसा भेटला रे बाप्पा?"

"कसा म्हंजे? दोन थापा पडल्या ना!"

इतकी साधी गोष्ट. ट्रक मागे घेताना, वजनकाट्यावर चढवताना क्लीनर पत्र्यावर हात मारतो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. बावीस वर्षं तो माणूस त्या थापांवर गाडी चालवत होता. आपण श्वास घेतो हे कुणी पोलिसाला सांगतं का? तसंच त्याला ते सांगायचं सुचलं नव्हतं. एसटीची घंटीसुद्धा तशीच वाजते. जन्मभर एसटीत बसूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

मग थापा मारल्या कुणी? सहायक दिग्दर्शकाला परत बोलावलं. चाळिशीचा, घाबरट पण वाईट नसलेला माणूस. तासभर तो वॉकीटॉकीच्याच गोष्टी सांगत होता. शेवटी मी त्याला आवारात नेलं. आमची जीप सुरू करून उभी केली होती, स्टिअरिंगवर पोलीस ड्रायव्हर, समोर मोकळं पटांगण, बाजूला दोन पंच.

"समजा पुढे माणूस आहे आणि ही गाडी निघायच्या बेतात आहे," मी म्हणालो. "थांबवा."

तो लगबगीने मागच्या बाजूला गेला आणि पत्र्यावर दोनदा हात मारला. त्याच्या मनात त्याचा अर्थ होता, थांब, थांब!

जीप निघाली. आमच्या ड्रायव्हरला मी काहीच पढवलं नव्हतं. त्याने दोन थापा ऐकल्या आणि क्लच सोडला, बस्स.

सहायक दिग्दर्शक तिथेच उकिडवा बसला. "मी थांबवायलाच गेलो होतो हो साहेब," तो रडत म्हणाला. "कॅमेरामन पुढे दिसला म्हणून धावलो. नंतर व्यवस्थापक म्हणाले, थापांचं बोलू नकोस." ड्रायव्हरला वॉकीटॉकी दिलाच नव्हता, हेही तेव्हाच कळलं. आणि कागदावर सुरक्षा प्रमुख म्हणून ज्याची सही होती, तो गृहस्थ मुंबई सोडून आलाच नव्हता.

तपासाची दिशा फिरली. कसरत कुणी ठरवली, थांबा म्हणायचा अधिकार कुणाला होता, खुणा कुणी पक्क्या करायच्या होत्या, हे प्रश्न विचारल्यावर व्यवस्थापकाची फाईल काही बोलेना. आरोपपत्र कंपनीच्या जबाबदार माणसांवर गेलं. ड्रायव्हरला वगळण्याचा अहवाल न्यायालयाने मान्य केला आणि तो आमचा साक्षीदार झाला. वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात मी स्वतःविषयीही एक ओळ लिहिली, की ना हरकत पत्र जागा न पाहता दिलं होतं. मला लेखी समज मिळाली. मिळायलाच हवी होती.

परवाना परत घ्यायला ड्रायव्हर बायकोसोबत आला. त्याने तो शर्टाला पुसला, खिशात ठेवला, पुन्हा काढून पाहिला. बायको म्हणाली, "कोंबडी नाही म्हनलं होतं ना साहेब?" मी तिला हात जोडले. खाकी अंगावर असताना आरोपीच्या घरच्यांना हात जोडायची ती माझी पहिलीच वेळ, आणि मला त्यात कमीपणा वाटला नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? सही करणं म्हणजे गाडीला दोन थापा मारणं आहे. पुढे कोण उभं आहे ते पाहिल्याशिवाय मारू नये. त्यानंतर कुठल्याही परवानगीचा कागद टेबलावर आला की हवालदार माझ्यासमोर लाकडावर एक थाप मारायचा. मी टोपी उचलायचो आणि जागा पाहायला निघायचो. त्या कॅमेरामनचे आणि या हवालदाराचे उपकार माझ्यावर आहेत. ते दोघं नसते तर एका निर्दोष माणसाला मी अगदी कायदेशीर मार्गाने रस्त्यावर आणलं असतं, आणि मला ते कधी कळलंही नसतं.

माझी बदली झाली त्या दिवशी ठाण्याच्या आवारात सगळे उभे होते. हार झाले, भाषणं झाली. मी जीपमध्ये बसलो. हवालदार पुढे दिसेना. पोलीस ड्रायव्हर गाडी सुरू करून थांबला होता, मीही मागे वळून हवालदाराला शोधत होतो. तेवढ्यात मागच्या पत्र्यावर हात पडला. एकदा. जीप हलली नाही. हवालदार चालत पुढे आला, रस्ता दोन्हीकडे पाहिला, खिडकीशी येऊन माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "सांभाळून जा साहेब," म्हणाला. मग मागे गेला, आणि दोन थापा पडल्या.